‘पालथं निजवलं तं काय झालं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘वऱ्हाडी बाणा’ या नावाने लिहिणारे वाचक,

सप्रेम नमस्कार.

नवजात बाळाच्या पहिल्या सहा आठवड्यांतील झोपेविषयी मी लिहिलेल्या, बाळाला उताणे निजवा असे सांगणाऱ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ‘चार पुस्तके वाचून खेड्यातल्या बायांना अक्कल शिकवणाऱ्या शहरी बाई’ असे आपण मला संबोधले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु जिने नोकरीची सारी वर्षे यवतमाळ जिल्ह्यातील उपकेंद्रांत परिचारिका म्हणून काढली, जिने पावसाळ्यात नाल्याला पूर असताना औषधांची पेटी डोक्यावर घेऊन पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जाऊन बाळंतपणे केली, तिला शहरी ठरवण्याआधी आपण निदान लेखाखालचा परिचय तरी वाचायला हवा होता. तो तीनच ओळींचा आहे.

आता आपले मुख्य वाक्य. ‘आमच्या बुढीनं आठ लेकरं पालथी निजवून वाढवली, काई झालं नाई, अन् पालथं लेकरू रात्रभर कसं गाढ झोपते.’ या वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. पालथे बाळ अधिक गाढ झोपते आणि सहजासहजी जागे होत नाही. आपण ज्याला गुण समजता, धोका नेमका तिथेच आहे. तोंड गोधडीत रुतले की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढू लागते. अशा वेळी त्याने दचकून जागे व्हावे, मान वळवावी, रडावे. हीच त्याची सुटका असते, आणि पालथ्या बाळात नेमकी ही जाग उशिरा येते. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळांना पालथे न निजवण्याची शिफारस केली, 1994 पासून उताणे निजवण्याची देशभर मोहीम चालली, आणि पुढील दहाएक वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. त्यासाठी कोणते नवे औषध निघाले नव्हते. मुख्यतः बाळाची पाठ अंथरुणाला टेकली, एवढाच बदल होता.

‘उताणे बाळ दूध ओकले तर गुदमरेल’ ही भीतीही आपण घातली आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली राहते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात हे उलटे होते. हे मला शिकवताना फळ्यावर काढून दाखवले होते आणि पुढे मीही आशाताईंना तसेच काढून दाखवत आले.

राहिले ‘काई झालं नाई’. महाशय, हे वाक्य ज्या घरात काही झाले नाही, त्याच घरातला माणूस म्हणू शकतो. निजलेले लेकरू सकाळी उठलेच नाही, अशा घरांत मी बसले आहे. तिथे कोणी ‘दृष्ट लागली’ म्हणते, कोणी आईच्या दुधाला बोल लावते, आणि ती बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ती आपल्यासारखी प्रतिक्रिया लिहायला येत नाही. आपल्या आजींविषयी मला आदरच आहे. पण त्यांचा आधार घेऊन आपण दुसऱ्याच्या लेकरावर पैज लावू नये.

‘हे सारे पाश्चात्त्य शहाणपण’ असेही आपण म्हणता. उताणे निजवण्याची मोहीम बाहेरची आहे, हे मी वर सांगितलेच. परंतु नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची जी पद्धत आज देशभर चालते, ती आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून उभी केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकाने तिचे निष्कर्ष छापले, तेव्हा नवजात मृत्यूंत 62 टक्के घट दिसली होती. इथे विलायतेने आपले ऐकले. विद्या कोणत्या बाजूने आली यावर ती खरी-खोटी ठरत नसते.

उन्हाळ्याविषयीची आपली एक गोष्ट मान्य करते. कुलरचा थेट झोत बाळावर नको, एवढेच मी लिहिले होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो आणि वीजही जाते, तेव्हा बाळाला दुपटी-टोपड्यात न कोंबता एका पातळ सुती कपड्यावर ठेवावे, हेही लिहायला हवे होते. घुटीतले जायफळ, मध आणि एका खोलीच्या घरात बाळाची जागा कुठे, हे आपले उरलेले मुद्दे लेखात आलेले आहेत. पुन्हा लिहीत नाही.

शेवटी, आपल्या मुलीचे बाळ पंधरा दिवसांचे आहे आणि ‘रात्रभर कण्हते, म्हणून उचलून घ्यावे लागते’, असे आपण ओघात लिहिले आहे. या वयात बाळाची जवळजवळ अर्धी झोप चळवळी असते. पापण्या फडफडतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, कुंथणे-कण्हणे चालते, आणि आजी ‘उठलं वाटते’ म्हणून झोपलेल्या बाळाला उचलून खरेच जागे करते. मिनिटभर नुसते पाहावे. ताप नसेल, श्वास नीट असेल आणि रडणे सुरू झाले नाही, तर हात लावू नये. माझ्या थोरलीच्या वेळी माझ्या आईने हात आवरला होता, म्हणून मला रात्री डोळा लागायचा. दिवसा घरात उजेड आणि बोलणे चालू द्यावे, रात्री दिवा मंद ठेवून पाजावे. दिवस-रात्र कळायला बाळाला दोन-तीन महिने लागतातच. मात्र जन्मावेळचे वजन अजून भरून आले नसेल, तर रात्री तीन-चार तासांहून अधिक झोपू न देता उठवून पाजणे आवश्यक आहे. एकविसाव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन येतील, तेव्हा त्यांना विचारावे. त्या आपल्याच गावच्या आहेत, त्यामुळे त्यांचे बोलणे आपल्याला शहरी वाटणार नाही.