खुकुरीबद्दलचा तो फॉरवर्ड आणि त्यातले पाच गैरसमज

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मजकूर कायम फिरत असतो. कोणी नेपाळला जाऊन आलं, काठमांडूच्या थामेल बाजारातून खुकुरी, म्हणजे पुढे वाकलेल्या पात्याचा नेपाळी सुरा, आणली आणि फोटो टाकला, की खाली तो हमखास येऊन पडतो. त्याचं सार असं: खुकुरी एकदा म्यानातून निघाली की रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही, पातं जितकं जाड आणि जड तितकी खुकुरी अस्सल, ही एक जवळ असली की जंगलात कुऱ्हाड, करवत, चाकू काही लागत नाही, मुठीजवळची खाच शत्रूचं हत्यार अडकवायला असते, आणि पारंपरिक वस्तू असल्यामुळे ती भारतात कुठेही बिनधास्त बाळगता येते. यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही. एखादं निरुपद्रवी आहे, पण बाकीच्यांनी बोटं कापली जातात, पैसे वाया जातात किंवा पोलीस चौकीची पायरी चढावी लागते.

रक्ताची गोष्ट आधी घेऊ, कारण तीच सगळ्यांना आवडते. नेपाळच्या डोंगरी गावांत खुकुरी हे घरातलं, शेतातलं हत्यार आहे. जळण फोडायचं, गुरांना पाला तोडायचा, बांबू चिरायचा, मांसाचे तुकडे करायचे, सगळं तिच्यानेच. आपल्याकडे कोयत्याचं जे स्थान तेच तिथे तिचं. दसैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, बोकड कापतात तोही बहुतेक घरांत खुकुरीनेच, पण दुसऱ्या दिवशी तीच पुसून लाकडं तोडायला घेतात. दर वेळी रक्त दाखवायचं म्हटलं तर अर्ध्या गावाच्या अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या असत्या. गोरखे 1815 पासून ब्रिटिश फौजेत भरती होऊ लागले आणि त्यांच्या शौर्याच्या बातम्यांबरोबर ही दंतकथाही जगभर गेली. फौजेतसुद्धा खुकुरीचं बहुतेक आयुष्य झाडोरा छाटण्यात आणि सरपण करण्यातच जातं.

या दंतकथेमुळे म्यानाचा खरा धोका मात्र कोणी सांगत नाही. खुकुरीच्या म्यानाला नेपाळीत दाप म्हणतात. आत लाकडाच्या दोन पातळ फळ्या, वरून चामडं. दोन फळ्यांचा सांधा पात्याच्या धारेसमोरच येतो. खुकुरी उपसताना धार त्या सांध्यावर घासत आली, तर ती लाकूड आणि चामडं चिरत थेट बाहेर येते. नवखा माणूस म्यान कसं धरतो? काठी धरावी तसं, चारही बोटं गुंडाळून. म्हणजे बोटं नेमकी धारेच्या बाजूला येतात. खुकुरीच्या कितीतरी जखमा काही तोडताना होत नाहीत, ती बाहेर काढताना होतात.

बरोबर रीत सोपी आहे. डाव्या हाताने म्यान पाठीकडून धरायचं, अंगठा एका सपाट बाजूवर, बोटं दुसऱ्या सपाट बाजूवर, आणि धारेच्या कडेवर काहीच येऊ द्यायचं नाही. मग पात्याची पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून, बाकाच्या वळणाने हळू उपसायची. परत घालतानाही पाठच टेकवत न्यायची. घाई करायची नाही आणि व्हिडिओसाठी झटक्यात तर मुळीच काढायची नाही.

आता जाडी आणि वजन. थामेलच्या दुकानांत बारा मिलिमीटर जाड पाठीच्या, किलोभर वजनाच्या खुकुऱ्या टांगलेल्या असतात आणि दुकानदार त्याच आधी हातात देतो, कारण हातात घेताच त्या 'भारी' वाटतात. बाहेर काम करायला असली खुकुरी निरुपयोगी. पाचदहा घावांत मनगट थकतं, आणि थकलेल्या हाताचा घाव चुकतो. खुकुरीची ताकद तिच्या घडणीत आहे. पातं पुढे वाकलेलं आणि पोटाशी रुंद असल्याने वजन पुढे सरकतं. धार लाकडाला तिरकी भिडते, म्हणून मनगट फार न वळवताही ती कापत आत जाते. साधारण 25 ते 28 सेंटिमीटरचं पातं आणि 500 ते 650 ग्रॅम वजन बहुतेकांना पुरतं. पूर्व नेपाळातल्या भोजपूरच्या घडणीची भोजपुरे खुकुरी पोटात भरलेली असते, ती लाकडाला चांगली. सिरुपाते सडपातळ, झुडपं, वेली, हिरव्या फांद्या छाटायला हलकी पडते. पण जाड लाकडात तिचा जीव कमी.

वजनाहून महत्त्वाचं काय, तर पाणी कसं दिलंय. नेपाळी लोहार बहुतेकदा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घेऊन पातं घडवतो. ते लाल तापलं की संबंध पाण्यात बुडवत नाही. चहाची किटली घेऊन तिच्या तोटीतून बारीक धार फक्त पात्याच्या कडेवर, पोटापासून पुढे-मागे सोडतो. कड चर्रकन काळी पडते, पाठ अजून लालच असते. मग पाठीतली उष्णता सावकाश कडेकडे परत येते, रंग सरकताना दिसतो, आणि हवा तो रंग आला की पुन्हा थोडं पाणी. असं केल्याने पोटाशी धार कडक राहते आणि पाठ, टोक, मुठीजवळचा भाग मऊ राहतो. म्हणून घाव घालताना ती पिचत नाही. हे काम करणारे कामी, म्हणजे विश्वकर्मा समाजातले लोहार. 1854 च्या मुलुकी ऐनने, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेने, त्यांना अस्पृश्य जातींत टाकलं होतं आणि 1963 च्या नव्या ऐनापर्यंत कायद्यात तो भेद कायम होता. खुकुरीचे गोडवे गाणाऱ्या फॉरवर्डात ती घडवणाऱ्याचा उल्लेख कधी नसतो, तोही यानिमित्ताने झाला.

दुकानात हे तपासायचं कसं? एक लहान कानस बरोबर ठेवा आणि विचारून वापरा. पोटाजवळच्या धारेवर कानस घसरली पाहिजे, पाठीवर चावली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच चावत असेल तर ती भिंतीवर लावायची खुकुरी. मग मुठीकडून एक डोळा मिटून पाठीची रेघ सरळ आहे का बघा. मूठ आणि पितळी कडं यांच्यात नख जाईल एवढी फट नको. मुठीत पात्याचं शेपूट नुसतं राळेने बसवलंय की आरपार जाऊन मागे ठोकलंय, हेही विचारा. दोन्ही चालतात, पण आरपारचं ओढाताण जास्त सोसतं. मुठीच्या मधल्या उंचवट्यामुळे बोटं आखडत असतील तर मोठी मूठ मागा. नक्षीकडे शेवटी बघा, किंवा बघूच नका.

'एकटी खुकुरी पुरे' हे अर्धसत्य आहे. मनगटाएवढी फांदी ती तोडते, पण तिरके घाव आलटून पालटून घालत, व्ही आकाराची खाच करत. सरळ आडवा घाव घातला की पातं उसळून अंगावर येतं. घाव पोटाच्या फुगीर भागाने घालायचा, टोकाने नाही. गुडघा टेकून, लाकडाखाली ओंडका ठेवून काम केलं तर चुकलेला घाव नडगीवर न येता मातीत जातो. दोन हातांच्या अंतरात दुसरं कोणी उभं नको. पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड चिरणं हा प्रकार व्हिडिओंत फार दिसतो. राळेने बसवलेली मूठ त्याने सैल होते. नीट आडवा काप हवा असेल तर दोनशे ग्रॅमची घडीची करवत कमी कष्टात आणि कमी धोक्यात देते. कांदा चिरायला, दोरी कापायला साधा चाकूच बरा. म्यानात मागे खोचलेलं कर्द नावाचं छोटं पातं त्यासाठीच असतं, पण पर्यटकांच्या खुकुरीतलं कर्द बहुधा लोणीही धड कापत नाही. त्याच्याशेजारचं बोथट चकमक धार ओढून सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला असतं. गेलेली धार त्याने परत येत नाही. धार बाहेरून किंचित फुगीर असते, म्हणून सपाट दगडावर घासून ती बिघडते. जुन्या माउस पॅडवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पाठीच्या दिशेने ओढली तर आकार राहतो.

आणि हो, हे पोलाद गंजतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने चामड्याच्या म्यानात ठेवू नका. पुसून, तेलाचा हात फिरवून वेगळी ठेवा. तिकडे मोहरीचं वापरतात, शिलाई मशीनचं तेलही चालतं.

खाचेबद्दल थोडक्यात. कोणी तिला गाईचं खूर म्हणतं, कोणी शिवाचा त्रिशूळ, कोणी म्हणतं रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून. धार्मिक अर्थ असेल तर असू दे. पण बोटाच्या पेराएवढीही नसलेल्या खाचेत, तेही स्वतःच्या बोटांना खेटून, चालत्या तलवारीचं पातं पकडायचं हे ज्याला सुचलं त्याने कधी तलवार अंगावर घेतलेली नाही.

राहिला कायदा, आणि इथे फॉरवर्ड सर्वांत बेजबाबदार आहे. शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत खुकुरीचं नाव घेऊन उल्लेख आहे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं त्यात मोडतं, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळून. परवाना कुठे लागतो ते सरकारने कोणता भाग अधिसूचित केलाय त्यावर ठरतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात, सणावारांच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत तर वारंवार. त्या काळात पाठीला खुकुरी लावून एसटी स्टँडवर उभं राहून 'ट्रेकला चाललोय' सांगितल्याने भागत नाही. विमानात ती हातातल्या बॅगेत जाणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

ट्रेकर्सना सर्वांत लागू पडतं ते वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 31. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांमध्ये चाकूही येतात. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई एका अभयारण्यात आहेत, भीमाशंकर दुसऱ्या. तिथे मुक्काम करणाऱ्याला ओली झाडं तोडायचीच नाहीत आणि स्वयंपाक गॅसच्या छोट्या स्टोव्हवर होतो, तेव्हा खुकुरीचं काम काय? नेपाळातसुद्धा सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात ट्रेकर्सनी झाडं तोडायला बंदीच आहे. स्वतःची जमीन, बांबूचं बेट, रानातलं घर असेल तर खुकुरी जरूर घ्या, रोज वापरा. ट्रेकच्या सॅकमध्ये मात्र तिची जागा पाण्याच्या बाटलीला द्या.