अदृश्य व्हा, पण गप्प बसू नका

लातुरात गच्चीवर सतरंजी टाकून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे फासे टाकत आपापल्या पात्राची गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव मांडला असेल आणि तुमच्या वाट्याला जादूगार आला असेल, तर आधी 'इनव्हिजिबिलिटी', म्हणजे अदृश्य व्हायचा मंत्र, उचला. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल (मंत्रच तो), तासभर टिकतो. नियमांच्या पुस्तकात त्याच्या खालच्या चार ओळी वाचू नका. वाचणाऱ्याला भांडता येत नाही.

साहित्य साधं आहे: तोंडानं मंत्र, हातवारे आणि डिंकात बसवलेला पापणीचा केस. बाभळीला मराठवाड्यात काय तोटा! अदृश्य झालात की नकाशावरचा आपला शेंगदाणा उचलून घ्या (आमच्याकडं बाहुल्या नाहीत, शेंगदाणे असतात) आणि थेट गॉब्लिनांच्या, म्हणजे खेळातल्या बुटक्या शत्रूंच्या, घोळक्यात शिरा. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणेल, पावलं वाजली, धुळीत ठसे उमटले, तू कुठं उभा आहेस ते त्यांना कळलं. तुम्ही म्हणा, "मी दिसंना गेलोय की बे त्यांला!" नियम एवढंच देतो की लपायला आडोसा लागत नाही आणि तुमच्यावर वार करणाऱ्याला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. लपायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. पण हे तुम्ही वाचलेलं नाही.

आता मंत्र म्हणा. कुठलाही. हल्ला केला की अदृश्यपण संपतं, मंत्र म्हटला तरी संपतं. अगदी पडलेल्या दोस्ताची जखम भरायला 'क्युअर वूंड्स' म्हटलं तरी. इथं रात्रीचे दोन वाजवायची उत्तम संधी आहे. "पुण्याईच्या कामानं कसं काय दिसायलो बे मी?" असं विचारा. मग खेळाच्या जुन्या, तिसऱ्या आवृत्तीचा दाखला काढा, बांधाच्या भांडणात आजोबांचा सातबारा निघतो तसा. तिथं फक्त हल्ल्यानं जादू मोडायची. राक्षस बोलावून त्याला दुसऱ्याच्या अंगावर सोडलं किंवा शत्रू पुलावर असताना दोर कापला, तरी तो हल्ला धरत नसत. आपण पाचवी आवृत्ती खेळतोय, हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत चहा येतो.

वकिली अंगातच असेल तर 'ड्रॅगन्स ब्रेथ' हा तोंडातून आग ओकायचा मंत्र आधी स्वतःवर लावा, मग दोस्ताकडून अदृश्य होऊन आग ओका. त्यात ना हल्ल्याचा फासा, ना नवा मंत्र. पाचवीच्या 2014च्या नियमात हे खपायचं. 2024च्या पुस्तकात 'इजा केली तरी संपेल' एवढं घालून भोक बुजवलंय, तेव्हा ते पुस्तक खेळाच्या दिवशी घरी विसरा.

काही केलं तरी न मोडणारी 'ग्रेटर इनव्हिजिबिलिटी' चौथ्या लेव्हलची, तीही मिनिटभरच. तेवढी सिद्धी पंगतीत वाढायला माणसं कमी पडली की आमच्या मंडळातल्या दोघांना आपोआप येते, आणि जेवणं होईपर्यंत टिकते.

शेवटची खबरदारी: दोस्तानं तुम्हाला अदृश्य केलं असेल, तर त्याला मार खायला पुढं उभा करा. जादू टिकते ती त्याच्या एकाग्रतेवर. फटका बसला, निदान दहाचा फासा पडला नाही, की तिकडं तो कण्हतो आणि इकडं अकरा गॉब्लिनांच्या मधोमध तुम्ही उगवता. डीएम म्हणतो, ठेव तुझा शेंगदाणा नकाशावर.

तो तुम्ही मघाशीच खाल्लेला असतो.