‘किंग ऑफ बँडिट जिंग’ अर्धवट सोडलेली मालिका नाही

‘किंग ऑफ बँडिट जिंग’ या जपानी अ‍ॅनिमेबद्दल, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेबद्दल, एक मत जो तो पुढे सरकवतोय: “तेरा भागांत गोष्ट अर्ध्यावर सोडलीय, बघायच्या भानगडीत पडू नका.” तेरा भाग, हे खरं. अर्धवट मात्र नाही.

२००२ च्या या मालिकेत शेवटपर्यंत ताणलेलं कथानक मुळातच नाही. जिंग हा पोरसवदा चोर आणि त्याचा बोलका, बायलवेडा पक्षी कीर एखाद्या अजब शहरात येतात, अशक्य वाटणारी वस्तू लंपास करतात आणि पुढची वाट धरतात. पहिल्या भागातल्या शहरात तर झाडून सगळे चोरच! अडचण आली की कीर जिंगच्या उजव्या हाताला जोडला जातो आणि हिरवा झोत सुटतो. काही गोष्टी एकाहून जास्त भाग चालतात, पण तिथल्या तिथे मिटतात.

जिंगचं पूर्वायुष्य फारसं कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. मला तेच आवडतं, हा भाग वेगळा. “लुपाँची (दुसऱ्या एका गाजलेल्या जपानी मालिकेतल्या चोराची) लहान मुलांसाठी नक्कल” असंही म्हटलं जातं, तेही चूक. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) युइची कुमाकुरा यांची स्वतंत्र निर्मिती आहे. २००४ मध्ये आलेली जिंगचीच तीन भागांची ‘सेव्हन्थ हेवन’ ही मालिका तुरुंगात घडते. ती आधीच्या गोष्टीचा राहिलेला शेवट नाही.