खुलासा: एपीआयकडून ४२९ आलं म्हणजे ‘की’ ब्लॉक झाली असं नाही

नाशिकच्या डेव्हलपर आणि कॉलेजच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एपीआयकडून ४२९ आलं की तुमची की कायमची ब्लॉक. खाली दिलेली की वापरा.’ हे खरं नाही. (एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय, ‘की’ म्हणजे त्यासाठी तुमच्या खात्याला मिळालेला गुप्त कोड आणि ४२९ म्हणजे सर्व्हरने उत्तरात पाठवलेला एरर कोड.)

४२९चा अर्थ २०१२च्या आरएफसी ६५८५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच दिलाय: ठराविक वेळात तुमच्या रिक्वेस्ट जास्त झाल्या. उत्तरात ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) असेल तर किती थांबायचं ते त्यातच असतं. नसेल तर दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत जा. लासलगावचे कांद्याचे भाव दाखवणारं ॲप दर सेकंदाला तेच भाव मागत राहिलं तर ४२९ येणारच. लिलाव काही सेकंदासेकंदाला होत नाहीत, आलेलं उत्तर साठवून ठेवा. ‘की’ चुकीची किंवा रद्द झालेली असेल तर सहसा ४०१ हा कोड येतो, परवानगी नसेल तर ४०३.

मेसेजमधली ती की मात्र खरी भानगड आहे. मर्यादा बहुधा कीवर मोजली जाते, त्यामुळे सगळ्यांनी एकच वापरली तर ४२९ आणखी लवकर येईल. शिवाय ती कुणाच्या तरी खात्याची आहे. ज्यांची असेल त्यांनी ती लगेच रद्द करून नवी काढावी. नुसता मेसेज डिलीट करून भागत नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.