अभय नव्हे बे, तालीसपत्र!

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. फर या हिमालयात, युरोपात वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाचं लॅटिन नाव 'आबिएस' म्हणजे आपलं 'अभय', जगानं सगळं आपल्याकडूनच नेलं! खाली जोडलेल्या हातांची रांग. चहा गार झाला बे माझा.

उच्चार जुळला की नातं लागतं होय? मग आपलं सोलापुरी 'बे' आणि गुजरातीतलं दोनाचं 'बे' सख्खे भाऊच की!

रोमन लोक या झाडाला आबिएस म्हणायचे. शब्दाचं मूळ आजही पक्कं सापडलेलं नाही. सातव्या शतकात स्पेनमधल्या इसिडोर नावाच्या बिशपनं ठोकून दिलं, इतर झाडांपेक्षा लांब, उंच 'जातं' म्हणून आबिएस. त्या काळचा फॉरवर्डच तो. संस्कृत-लॅटिन एकाच कुळातल्या, मान्य. आपला पितृ आणि लॅटिनमधला बाप 'पाटेर' आहेतच. पण म्हणून दिसेल त्याला ओढत आणायचं?

खरा राग वेगळाच आहे. या झाडाचं आपलं नाव आपल्यालाच ठाऊक नाही. आमची आजी बिड्या वळायची. संध्याकाळी मांडीवरचं सूप खाली ठेवलं की खोकल्याची उबळ. मग मला सोलापुरातल्या मधल्या मारुतीकडं पिटाळायची, काष्ठौषधीच्या दुकानात. "तालीसपत्र आण, नुसत्या काड्या घेऊन येऊ नको." सुंठ, मिरी, पिंपळीबरोबर कुटून मधातून चाटायची. ते तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरची पानं. आबिएसच की ओ!

हे मला कळलं चाळिशीत, हिमाचलमधल्या नारकंड्याला. खाली पडलेली डहाळी उचलली. चपटं, अरुंद पान, पालथं केलं तर दोन फिकट रेघा. आजीच्या पुडीतलंच पान, फक्त हिरवं. बायको गाडीतून हाका मारतेय आणि मी पान चुरगाळून वास घेतोय.

जाऊ दे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियससारख्या माणसानं १७५३ साली स्प्रूसला, म्हणजे फरसारख्याच दुसऱ्या झाडाला, 'आबिएस' आणि फरला स्प्रूसचं 'पिसेआ' अशी उलटी नावं दिली. पुढं फर आबिएसमध्ये आला, पण युरोपातला तो स्प्रूस अजून 'पिसेआ आबिएस' म्हणूनच फिरतोय. मग आमच्या ग्रुपवरच्या मित्रानं काय घोडं मारलंय? सकाळी जरा जास्तच बोललो त्याला. गड्ड्याच्या जत्रेत भेट बे, तालीसपत्राची पुडी घेऊन येतो.

आजीला हे सगळं सांगितलं असतं तर म्हणाली असती, "बरं बरं. काड्या निवड आधी."