तेवढं टेबल वन टाकून द्या

वैद्यकीय शोधनिबंध हातात आला की माणूस गोषवारा वाचतो, निष्कर्ष वाचतो आणि चहाला जातो. मधल्या ‘टेबल वन’कडे कोणी ढुंकूनही बघत नाही. अभ्यासात माणसं कोण होती, वय किती, बायका किती, मधुमेही किती, एवढंच त्यात असतं. नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात आकडेमोडीचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून मला बघावं लागतं. रेसिडेंट डॉक्टर येतात आणि म्हणतात, “मॅडम, बाकी सगळं झालंय, तेवढं टेबल वन टाकून द्या.” कढीवर कोथिंबीर टाकावी तसं.

‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये जीटीसमरी नावाचं पॅकेज आहे. एका ओळीत अख्खा तक्ता. परवा ती ओळ चालवली, तर ब्लडप्रेशरच्या रुग्णांत पाच लिंगं निघाली: एम, मेल, मेलपुढे एक स्पेस, फीमेल आणि एका ठिकाणी ‘सौ.’ घणसोलीची स्पेलिंगं तीन, म्हणजे ट्रान्स-हार्बरवर दोन स्टेशनं वाढली. एका आजोबांची उंची ६२ सेंटिमीटर, वजन १६५ किलो. रकाने उलटे भरलेत हे शेंबडं पोरही सांगेल, पण संगणकानं निमूटपणे त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४२९ काढून ठेवला होता.

शेवटी मीच ओपीडीत जाऊन बसले. समोर दिवा कोळीवाड्यातल्या मावशी.

“तंबाखू?”

“छे गं बाई!”

“मिशरी?”

“ती लावते की. दात नको घासू?”

“काम काय करता?”

“काही नाही, घरीच असते.”

“मग सकाळी मासळी कोण विकतं?”

“मीच. ते काय काम झालं?”

कुप्पुस्वामींची आर्थिक-सामाजिक मोजपट्टी १९७६ची. तिच्यात कुटुंबप्रमुखाचं शिक्षण आणि धंदा यांना गुण असतात. प्रमुख कोण, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “कागदावर हे.” ‘हे’ शेजारीच पंख्याकडे बघत बसले होते. मोजपट्टीत ‘कागदावर’ असा रकाना नाही.

एवढं करून तक्ता सरांकडे नेला. सरासरी की मध्यक, यावर त्यांनी माझं पटकन ऐकलं. पण “पी व्हॅल्यू कुठंय?” म्हणजे, गटांत खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता किती, तो आकडा.

“सर, रुग्णांचे गट रँडम, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेत. जो फरक दिसेल तो योगायोगाचाच. अशा चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत ते सांगणारे कन्सॉर्टवालेही टाकू नका म्हणतात.”

“रिव्ह्यूअर विचारतो. टाका.”

टाकली. अशा वीस ओळी तपासल्या की सरासरी एक ओळ नुसत्या योगायोगानं ०.०५ च्या खाली, म्हणजे ‘फरक खरा’ मानायच्या हद्दीत जाते. ती नेमकी मिशरीची निघाली. सरांचा चेहरा पडला.

“एकाच गटात इतक्या मिशरीवाल्या कशा?”

“बंद पाकिटं उघडून गट पाडले, सर. जे निघालं ते निघालं.”

“मग पाकिटं जरा बघून उघडायची ना!”