गंगापूर धरणावर पवनचक्की उभारली जाणार नाही : खुलासा

आमचा विद्यार्थी संघ गंगापूर धरणावर तरंगती पवनचक्की उभारून नाशिकला वीज पुरवणार असल्याचा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो खरा नाही. आम्ही स्पर्धेसाठी १:१०० प्रमाणातील प्रतिकृती बनवत असून तिची चाचणी पाण्याच्या टाकीतच होईल. लाटांच्या चाचण्यांत वापरल्या जाणाऱ्या फ्राउड नियमानुसार या प्रमाणात शक्ती एक कोटी पटींनी घटते, म्हणजे १० मेगावॉटच्या पवनचक्कीची प्रतिकृती जेमतेम १ वॉटची ठरते (देवघरातला लहानसा दिवा फार तर लागेल). आमचा भर विजेवर नसून तरंगत्या पायाच्या तोलावर आहे. संदेशासोबतचे छायाचित्र स्कॉटलंडजवळच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ३० मेगावॉटच्या हायविंड प्रकल्पाचे आहे. तेथील पवनचक्क्यांचा पाया पाण्याखाली सुमारे ७८ मीटर जातो, आणि तेवढी खोली आपल्या धरणात नाही.